मगर, झेंडू आणि काळा-पांढरा फोटो

हिवाळ्यात सकाळी ऊन जरा वर आलं की महाडजवळ सावित्रीच्या काठावर मगरी शेकायला येतात. दादली पुलावरून, काठच्या रस्त्यावरून त्या दिसतात. पण लगेच कळून येत नाहीत. आधी चिखलाचा एक लांबट उंचवटा दिसतो. मग त्यावर खवल्यांच्या ओळी उमटतात, शेपटीचे दाते ध्यानात येतात आणि उघडा जबडा दिसल्यावर एखादी गाडी थांबते. मोबाइल बाहेर निघतात. फोटो मात्र बहुतेक वेळा निराशच करतो. तपकिरी चिखलावर तपकिरी मगर, मागे हिरवीगार झुडपं आणि काठाला अडकलेली एक निळी प्लास्टिकची पिशवी. बघणाऱ्याची नजर आधी पिशवीवर जाते.

मग कुणीतरी मोबाइलमधलं ‘मोनो’ दाबतं. रंग जातात. पिशवीचा तोरा उतरतो, झुडपं मागे सरकतात आणि मगर चिखलातून उठून समोर येते. कधी कधी मात्र नेमकं उलटं घडतं. मगर चिखलात पार मिसळून जाते, रंगीत फोटोत जेवढी दिसत होती तेवढीही दिसत नाही. नदी तीच, जनावर तेच, बटणही तेच. मग असं का होतं? याचं उत्तर मिळालं की वन्यजीवांचे फोटो काळे-पांढरे कधी करावेत आणि कधी करू नयेत, याची निम्मी उकल होते.

आधी या मगरींविषयी थोडं. सावित्री महाबळेश्वरच्या पठारावर उगम पावते, सह्याद्रीचा कडा उतरून पोलादपूरला येते, महाडला वळसा घालून पुढे बाणकोटजवळ समुद्राला मिळते. महाडच्या टप्प्यातल्या संथ पाण्यात दलदली मगरींची वस्ती आहे. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात या मगरीला पहिल्या अनुसूचीचं, म्हणजे सर्वांत कडक संरक्षण आहे. महाराष्ट्रातल्या अनेकांना सावित्रीत मगरी आहेत हे पहिल्यांदा कळलं ते २ ऑगस्ट २०१६च्या रात्री मुंबई-गोवा महामार्गावरचा ब्रिटिशकालीन पूल पुरात वाहून गेला तेव्हा. वाहून गेलेल्यांच्या शोधकार्याच्या बातम्यांमध्ये पुराच्या बरोबरीनं मगरींचा उल्लेख येत होता. महाडकरांना मात्र त्या आधीपासून ठाऊक होत्या. इथे माणूस आणि मगर एकाच नदीवर वावरतात आणि म्हणूनच जंगलात न जाता, गावात उभं राहून फोटो काढता येईल असं हे मोठं वन्य जनावर आहे.

आता रंगाकडे वळू.

रंगीत फोटोतला प्रत्येक बिंदू तीन आकड्यांनी बनतो: लाल किती, हिरवा किती, निळा किती. काळा-पांढरा फोटो करायचा म्हणजे या तीन आकड्यांचा एक आकडा करायचा. तो कसा करायचा याचं एक जुनं सूत्र टीव्हीच्या तंत्रज्ञानातून आलेलं आहे. त्यात हिरव्याला सुमारे ५९ टक्के, लालला ३० टक्के आणि निळ्याला ११ टक्के वजन दिलं जातं. माणसाच्या डोळ्याला हिरवा सर्वांत उजळ वाटतो आणि निळा सर्वांत मंद, म्हणून ही वाटणी. मोबाइलमधलं साधं बटण अशाच एखाद्या ठरीव वाटणीनं काम करतं. समोर मगर आहे की मोर, याच्याशी त्याला कर्तव्य नसतं.

अडचण इथेच होते. आपल्या डोळ्याला ठळकपणे वेगळे दिसणारे दोन रंग या हिशेबात एकाच राखाडी छटेवर येऊन बसू शकतात. वाघाचं उदाहरण घ्या. नारिंगी वाघ हिरव्या गवतात आपल्याला लगेच दिसतो. पण त्या नारिंगीचा उजळपणा आणि गवताचा उजळपणा पुष्कळदा जवळपास सारखा असतो. रंग काढले की वाघाचे पट्टे तेवढे उरतात आणि अंग गवतात मिसळतं. चितळाला वाघ साधारण असाच दिसत असावा. हरणांच्या डोळ्यांत रंग ओळखणाऱ्या पेशी आपल्यासारख्या तीन प्रकारच्या नसून दोनच प्रकारच्या असतात, त्यामुळे त्यांना नारिंगी आणि हिरवा वेगळा करता येत नाही. ब्रिस्टल विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१९मध्ये संगणकाच्या मदतीनं हे तपासून दाखवलं. म्हणजे वाघाचा रंग आपल्यासाठी भडक आहे, त्याच्या भक्ष्यासाठी तो हिरव्याच्याच जातीचा आहे.

सावित्रीच्या मगरीला नारिंगी नाही की हिरवा नाही. तिचा रंग चिखलाचा, कारण तिला चिखलात दिसायचंच नसतं. तेव्हा रंग काढून तिचं फारसं काही जात नाही. पण रंग काढल्यानं ती आपोआप उठूनही दिसणार नाही. ती उठून दिसते ती उजेडामुळे. सकाळचं किंवा उतरतं ऊन कडेनं आलं तर पाठीवरच्या प्रत्येक हाडाळ खवल्याला एक उजळ बाजू आणि एक सावलीची बाजू मिळते. अर्धी पाण्यात, अर्धी काठावर असेल तर ओला भाग जवळजवळ काळा दिसतो आणि सुकलेला चिखल फिका. त्याच मगरीचा फोटो दुपारी बाराला, डोक्यावरच्या उन्हात किंवा ढगाळ दिवशी घेतला तर सावल्याच नसतात. खवले सपाट होतात आणि रंग गेल्यावर हाती काहीच राहत नाही. सुरुवातीच्या कोड्याचं उत्तर हे आहे. फोटो काळा-पांढरा होण्याजोगा आहे की नाही, हे बटण दाबण्याच्या आधी, ऊन कुठून येतं त्यावर ठरलेलं असतं.

उजेडाच्या जोडीला दुसरं साधन छायाचित्रकाराच्या हातात असतं: कुठल्या रंगाची कुठली राखाडी करायची ते स्वतः ठरवणं. सावित्रीच्या काठावर तारेवर बसणारा नेहमीचा खंड्या बघा. डोकं आणि पोट विटकरी तपकिरी, पाठ निळी, गळा पांढरा. समजा त्या तपकिरीचे आकडे लाल ११०, हिरवा ५५, निळा ३५ असे आले आणि पाठीचे लाल ३०, हिरवा १३०, निळा १८० असे आले. वर दिलेल्या सूत्रानं तपकिरीचं उत्तर ७०च्या आसपास येतं आणि निळ्याचं १०५च्या आसपास. म्हणजे डोकं जरा गडद, पाठ जरा उजळ आणि एकूण पक्षी मळकट. पण फोटो करताना फक्त लाल आकडा धरला तर डोकं ११० आणि पाठ ३० होते. पाठ जवळजवळ काळी पडते, गळ्याचा पांढरा झळकतो. फक्त निळा आकडा धरला तर चित्र पालटतं: पाठ १८० म्हणजे लख्ख आणि डोकं ३५ म्हणजे काळं. एकाच खंड्याचे हे तीन फोटो शेजारी ठेवले तर तीन वेगळे पक्षी वाटावेत इतका फरक दिसतो. यातला खरा कुठला? तिन्ही कॅमेऱ्यानं टिपलेल्या माहितीतूनच आलेले आहेत. म्हणून काळ्या-पांढऱ्या फोटोला ‘मूळचा, साधा, फेरफार न केलेला’ समजण्याची जी सवय आहे, तिला आधार नाही. त्यात रंगीत फोटोपेक्षा जास्त निर्णय घ्यावे लागतात.

फिल्मच्या जमान्यातही हे निर्णय होतेच, फक्त ते रसायनात आणि काचेत दडलेले होते. सुरुवातीच्या काळातल्या चांदीच्या क्षारांच्या काचा मुख्यतः निळ्या-जांभळ्या उजेडालाच प्रतिसाद देत. आकाश पांढरंफटक येई, लाल रंग काळा पडे. १८७३मध्ये हेर्मान फोगेल या जर्मन शास्त्रज्ञाला आढळलं की लेपात विशिष्ट रंगद्रव्य मिसळलं तर तो हिरव्या उजेडालाही दाद देतो. पुढे सगळे रंग टिपणाऱ्या फिल्म आल्या आणि भिंगापुढे पिवळी, नारिंगी, लाल काच लावून आकाश गडद करण्याची युक्ती रूढ झाली. आजच्या डिजिटल कॅमेऱ्यात संवेदकावर रंगीत चौकोनांची जाळी असते. कोडॅक कंपनीतल्या ब्राइस बेयर यांच्या नावानं ती ओळखली जाते, पेटंट १९७६चं. तिच्यात निम्मे चौकोन हिरवे, पाव लाल आणि पाव निळे असतात. लायका कंपनीनं २०१२मध्ये ही जाळीच काढून टाकलेला, फक्त काळे-पांढरे फोटो काढणारा कॅमेरा बाजारात आणला. बाकी बहुतेक डिजिटल कॅमेऱ्यांचा काळा-पांढरा फोटो आधी रंगीत असतो आणि मग तसा केला जातो.

भारतात या माध्यमात वन्यजीवांचं मोठं काम करणाऱ्यांमध्ये एक मराठी घराण्यातलं नाव आहे आणि महाराष्ट्रात ते फारसं घेतलं जात नाही याची खंत वाटते. मुरारराव यशवंतराव घोरपडे, म्हणजेच एम. वाय. घोरपडे. जन्म १९३१चा. कर्नाटकातल्या बळ्ळारी जिल्ह्यातलं संडूर हे घोरपडे या मराठा घराण्याचं संस्थान. त्या राजघराण्यात ते जन्मले, केंब्रिजला शिकले, राजकारणात आले आणि १९७०च्या दशकात कर्नाटकाचे अर्थमंत्री झाले. हे सगळं सांभाळून ते कॅमेरा घेऊन जंगलात जात. ‘सनलाइट अँड शॅडोज’ हे त्यांचं पुस्तक १९८३मध्ये निघालं. ऊन आणि सावल्या हे नावच त्यांच्या कामाचं वर्णन आहे. छायाचित्रकलेच्या आंतरराष्ट्रीय महासंघाचा मास्टर हा सर्वोच्च किताब त्यांना मिळाला होता. २०११मध्ये ते गेले.

त्यांच्या आधीच्या पिढीत मद्रासचे एम. कृष्णन होते (१९१२ ते १९९६). रंगीत फिल्म सगळीकडे मिळू लागल्यावरही कृष्णन काळ्या-पांढऱ्याला धरून राहिले. वेगवेगळ्या कॅमेऱ्यांचे भाग जुळवून त्यांनी स्वतःचं एक अवजड यंत्र बनवलं होतं आणि त्याला ‘सुपर पाँडेरोसा’ असं नाव दिलं होतं. कृष्णन लेखक होते, निसर्गाचे अभ्यासक होते; हत्ती कसा उभा राहतो, गव्याचा खांदा कसा चढतो, हे दाखवणं हा त्यांचा हेतू. जनावराचा घाट आणि ठेवण दाखवायला रंगाची गरज लागत नाही. उलट मागच्या झाडोऱ्याचा हिरवा नसला की हत्तीची पाठरेषा पहिल्या नजरेत वाचता येते.

परदेशात या माध्यमाला अलीकडच्या काळात सर्वांत मोठा प्रेक्षक मिळवून दिला तो निक ब्रँट यांनी. पूर्व आफ्रिकेतल्या सिंह, हत्ती, जिराफ यांचे त्यांचे काळे-पांढरे फोटो ‘ऑन धिस अर्थ’ या २००५च्या पुस्तकात आले. लांब पल्ल्याची भिंगं ते वापरत नसत. मोठ्या आकाराची फिल्म घेणारा कॅमेरा घेऊन जनावराच्या जवळ जात आणि एखाद्या वडीलधाऱ्याचं व्यक्तिचित्र काढावं तसा हत्तीचा फोटो काढत. २०१०मध्ये त्यांनी केनियात वन्यजीव रक्षणासाठी ‘बिग लाइफ फाउंडेशन’ ही संस्थाही उभी केली. त्यांचं अनुकरण आता इतकं झालं आहे की गडद आकाश आणि सुरकुतलेला हत्ती हा एक ठोकळा बनला आहे. तसा ठोकळा कोकणातल्या जनावरांवर बसवायला जाणं चुकीचं आहे. इथे मोकळी गवताळ मैदानं नाहीत, आकाश भव्य दिसावं इतकी क्षितिजरेषा नाही. इथली जनावरं झाडीत, धुक्यात, चिखलात राहतात आणि इथला काळा-पांढरा फोटो त्यातूनच घडायला हवा.

तसा फोटो घडवण्याजोगे विषय महाड-पोलादपूरच्या परिसरात कमी नाहीत. काही तर जन्मतःच काळे-पांढरे आहेत. घराच्या कौलावर गाणारा दयाळ. सावित्रीवर एका जागी पंख फडफडवत तरंगणारा आणि मग सरळ पाण्यात सूर मारणारा कवड्या खंड्या. रुपेरी अंगाचा, काळ्या तोंडाचा वानर. आणि थोडं पश्चिमेला, म्हसळा तालुक्यातल्या चिरगावची गिधाडं.

चिरगावची ही वस्ती पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची आहे. १९९०च्या दशकापर्यंत ही गिधाडं भारतात इतकी होती की कुणी त्यांच्याकडे वळून पाहत नसे. नंतरच्या दीड दशकात त्यांची संख्या ९९ टक्क्यांहून अधिक घटली. गुराढोरांना दिलं जाणारं डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक मेलेल्या जनावराच्या मांसातून गिधाडाच्या पोटात जातं आणि त्याची मूत्रपिंडं निकामी करतं, हे २००४मध्ये सिद्ध झालं. २००६मध्ये भारतात जनावरांसाठी त्यावर बंदी आली. चिरगावची गिधाडं टिकावीत म्हणून महाडच्या ‘सिस्केप’ या संस्थेनं आणि तिचे प्रेमसागर मेस्त्री यांनी गावकऱ्यांना बरोबर घेऊन वर्षानुवर्षं काम केलं आहे.

छायाचित्रकाराच्या नजरेनं बघितलं तर हे गिधाड रंगीत फोटोत अवघड जातं. काळसर अंग, पांढुरकं आकाश आणि कॅमेरा आकाश सांभाळायला जातो तेव्हा पक्ष्याचा नुसता काळा ठिपका उरतो. काळ्या-पांढऱ्यात तोच पक्षी खुलतो. मानेभोवतीची पांढरी झालर, पाठीच्या खालच्या बाजूचा पांढरा पट्टा आणि घिरट्या घालताना पंखांच्या आतून दिसणारं पांढरं अस्तर, हीच त्याची ओळखीची लक्षणं आणि ती सगळी काळ्या-पांढऱ्याच भाषेतली. फोटो घेताना पक्ष्यावरचा उजेड मोजायचा, आकाश जरा जास्त उजळलं तरी चालतं. पिसांमधले तपशील पकडायचे. घरट्याच्या हंगामात मात्र झाडाखाली घुटमळू नये. वर्षाला एकच अंडं घालणाऱ्या पक्ष्याला फोटोपायी उठवणं कुठल्याही फोटोनं भरून निघत नाही.

याच्या अगदी उलट टोकाला आहे तिबोटी खंड्या, ज्याला रायगडनं जिल्हापक्षी म्हणून मान दिला. चिमणीहूनही लहान दिसणारा, पावसाळ्यात ओढ्याकाठच्या मातीत बीळ कोरून पिल्लं वाढवणारा. पोट पिवळं, डोक्यावर नारिंगी-जांभळी झाक, पंख गडद निळे, चोच आणि पाय शेंदरी. याचा काळा-पांढरा फोटो कितीही कसबानं केला तरी तो एक लहानसा लांब चोचीचा पक्षी इतकाच उरतो. उन्हाळा सरता सरता कोकणात येणाऱ्या नवरंगाचंही तेच. नऊ रंगांवरून ज्याला ओळखायचं, त्याचे रंग काढून घेण्यात काही अर्थ नाही.

आणि मगर? तिचा फोटो काळा-पांढरा करताना हात थांबावा असा एक प्रसंग याच सावित्रीवर नोंदला गेला आहे.

उत्कर्षा चव्हाण आणि मनोज बोरकर या अभ्यासकांनी महाडजवळच्या मगरींच्या वागण्याचं निरीक्षण करून २०२३मध्ये ‘जर्नल ऑफ थ्रेटन्ड टॅक्सा’ या नियतकालिकात एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. त्यात एका कुत्र्याची हकिकत आहे. भटक्या कुत्र्यांनी पाठलाग केलेलं एक कुत्रं नदीच्या पाण्यात शिरलं. जवळच तीन मोठ्या मगरी होत्या. त्यांनी त्याला खाल्लं नाही, उलट नाकाडानं ढकलत सुरक्षित काठाकडे नेलं. जगभरच्या वर्तमानपत्रांनी ही बातमी उचलली. त्यामागे सहानुभूती होती की निव्वळ भरलेलं पोट, यावर वाद होऊ शकतो. पण आपल्या विषयाला त्याच निबंधातली दुसरी नोंद अधिक जवळची आहे. नदीत सोडल्या जाणाऱ्या हारांमधली पिवळी झेंडूची फुलं जिथे तरंगत होती, तिथे या मगरी पुन्हा पुन्हा आढळल्या. फुलांच्या सान्निध्यात, पाकळ्या अंगाला लागतील अशा पडून राहिलेल्या. झेंडूत जंतुनाशक गुण असतात आणि नदीच्या दूषित पाण्यात ती फुलं मगरीच्या कातडीला उपयोगी पडत असावीत, अशी एक शक्यता अभ्यासकांनी मांडली आहे.

आता या दृश्याचा फोटो समोर ठेवा. काळसर पाठ, गढूळ पाणी, भोवती पिवळा झेंडू. रंग काढला तर फोटो कदाचित अधिक देखणा होईल. पण झेंडू आहे की शेवंती, की नुसता कचरा, हे कळायचा मार्ग बंद होईल. पिवळा हा इथे सजावटीचा भाग राहत नाही. मगर जिथे गेली ते ठिकाण तोच सांगतो. निर्माल्य, माणसाची श्रद्धा, नदीचं प्रदूषण आणि एका जनावराची आवड हे सगळं त्या एका रंगात आहे. असा फोटो रंगीतच राहायला हवा. फोटो बघताना विचारायचा प्रश्न हाच: रंग काही सांगतो आहे, की नुसताच मध्ये येतो आहे? निळी प्लास्टिकची पिशवी मध्ये येते. पण नदीच्या प्रदूषणाबद्दलच बोलायचं असेल तर तीच पिशवी महत्त्वाची ठरते आणि मग तिचाही निळा ठेवावा लागतो.

काही फोटो मात्र काळे-पांढरे करावे लागत नाहीत. ते तसेच जन्मतात. वन विभाग आणि संशोधक जंगलात जे कॅमेरा ट्रॅप लावतात, त्यातले बरेच रात्री डोळ्यांना न दिसणारा अवरक्त उजेड टाकून फोटो घेतात आणि तो काळा-पांढराच येतो. बिबट्यासारख्या निशाचर जनावरांचे आपण पाहतो ते कितीतरी फोटो या जातीचे असतात. या तंत्रानं एकदा एक अवघड प्रश्न सोडवला. मलेशियातले बहुतेक बिबटे काळे आहेत. त्यांच्या अंगावरचे ठिपके दिसत नाहीत, म्हणून एक बिबट्या दुसऱ्यापासून वेगळा ओळखता येत नाही आणि मोजताही येत नाही. संशोधकांनी कॅमेऱ्यांना दिवसाही रात्रीसारखाच अवरक्त उजेड टाकायला लावलं आणि काळ्या कातडीवरचे ठिपके फोटोत स्पष्ट उमटले. हे काम २०१५मध्ये प्रसिद्ध झालं. दक्षिण कोकणातही काळे बिबटे दिसल्याच्या नोंदी आहेत, त्यामुळे ही युक्ती आपल्यासाठी दूरची नाही.

अवरक्त उजेडाची आणखी एक गंमत आहे. झाडांची हिरवी पानं हा उजेड फार मोठ्या प्रमाणात परत फेकतात, त्यामुळे अशा फोटोत हिरवं रान पांढरं येतं. अमेरिकेच्या मायकेल निकोल्स यांनी सेरेंगेटीतल्या खडकावर पहुडलेल्या सिंहिणी आणि त्यांचे छावे अवरक्त पद्धतीनं टिपले आणि फोटो काळा-पांढरा केला. २०१४मध्ये ‘वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयर’ या स्पर्धेचा सर्वोच्च मान त्याला मिळाला.

साध्या कॅमेऱ्यानंही हिरव्याशी असं खेळता येतं आणि कोकणातल्या पावसाळ्यात त्याचा थेट उपयोग आहे. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. त्याच्या पायथ्याशी पोलादपूर. जूनपासून सप्टेंबरपर्यंत आंबेनळी आणि वरंध घाटात एकच रंग असतो. डोळ्यांना तो सुखावतो, कॅमेऱ्याला छळतो. पानांवरून परतलेला हिरवा उजेड वानराच्या रुपेरी केसांवर चढतो आणि त्याचं अंग शेवाळल्यासारखं दिसतं. ढगांमुळे सावल्या नाहीत, धुक्यामुळे दूरचं सगळं फिकट. अशा फोटोतला हिरवा काढला की दोन गोष्टी होतात. वानर पुन्हा रुपेरी होतो. आणि धुकं, जे रंगीत फोटोत नुसतं मळभ वाटत होतं, ते खोली दाखवू लागतं: जवळची फांदी काळी, त्यामागची राखाडी, त्यामागचा कडा जेमतेम दिसणारा. हिरव्याची राखाडी छटा उजळ करायची की गडद, हा निर्णय इथे सर्वांत मोठा. उजळ केला तर काळ्या तोंडाचा वानर फिकट पानांवर कोरल्यासारखा येतो. गडद केला तर त्याचे रुपेरी केस अंधारातून चमकतात. दोन्ही फोटो चांगले होऊ शकतात. एकाच वेळी दोन्ही साधायला गेलं की बिघडतं.

हे सगळं हातात राहावं म्हणून फोटो ‘रॉ’, म्हणजे कॅमेऱ्यानं प्रक्रिया न केलेल्या स्वरूपात घ्यावा. साध्या जेपेग फाइलमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या असतात. चौदा बिटांच्या रॉ फाइलमध्ये १६,३८४. आकाश गडद करायला निळ्याचा स्लायडर ओढला की जेपेगमध्ये पट्टे उमटतात आणि गिधाडाच्या पंखांभोवती पांढरी कड दिसू लागते. रॉमध्येही स्लायडर टोकाला नेला तर दाणे वाढतातच, पण मर्यादेत. बऱ्याच कॅमेऱ्यांत एक चांगली सोय असते: पडद्यावर दृश्य काळं-पांढरं दाखवायला सांगायचं आणि फाइल रॉ घ्यायची. डोळ्यांसमोर उजेड-सावलीचा खेळ दिसत राहतो आणि फाइलमध्ये सगळे रंग शाबूत असतात. नवशिक्यानं दयाळापासून सुरुवात करावी. तो अंगणात येतो, त्याचा पांढरा भाग उन्हात जळू न देता काळ्या पिसांची चमक पकडणं जमलं, की गिधाडाचीही तयारी होते.

फसलेल्या फोटोवर उतारा म्हणून मात्र रंग काढू नयेत. हललेला फोटो काळा-पांढरा केल्यानं स्थिर होत नाही आणि सपाट उजेडात खोली येत नाही. रंगाचा घोळ असेल तरच रंग काढून घोळ मिटतो. हल्ली समाजमाध्यमांवर प्रत्येक दहावा बिबट्या काळ्या पार्श्वभूमीवर तरंगताना दिसतो, भोवतालचं जंगल पूर्ण बुडवलेलं. त्या बिबट्याचं गाव, त्याचं झाड, त्याची वेळ काही कळत नाही. महाडची मगर तिच्या चिखलासकट दाखवण्यात जास्त कसब आहे आणि जास्त सत्यही.

नामांकित स्पर्धांचे नियमही याच अंगानं जातात. फोटो काळा-पांढरा करायला बहुतेक ठिकाणी परवानगी असते. एखादी फांदी पुसणं किंवा दुसरा पक्षी आणून बसवणं चालत नाही. अंतिम फेरीत बहुधा मूळ फाइल मागितली जाते आणि ती देता आली नाही तर फोटो बाद होतो. पक्ष्यांच्या किंवा मगरींच्या नोंदीसाठी फोटो अभ्यासकांना द्यायचा असेल तर रंगीत प्रतच द्यावी, कारण पिल्लाच्या अंगावरचे पट्टे, चोचीचा रंग, पाण्याचा गढूळपणा हे त्यांना बघायचं असतं. काळी-पांढरी प्रत भिंतीवर, पुस्तकात, प्रदर्शनात लावताना खाली ठिकाण, महिना आणि ‘मूळ रंगीत फोटोवरून’ किंवा ‘अवरक्त’ एवढं लिहिलं म्हणजे पुरे.